सशाचं ऑपरेशन, घरच्यांचा जीव टांगणीला

सातारा-सांगलीकडच्या शेतकरी घरांना जनावर खच्ची करणं नवीन नाही. गोऱ्हा औताला धरायच्या आधी डॉक्टर येतात, दोघं-तिघं त्याला दाव्यानं आवळून आडवा पाडतात, चिमटा दाबला जातो आणि संध्याकाळी तो गोऱ्हा गोठ्यात कडबा खात उभा असतो. त्या रात्री घरात कुणाची झोप उडत नाही. पण त्याच घरातल्या नातीनं पाळलेल्या दोन किलोच्या पांढऱ्या सशाचं ऑपरेशन ठरलं, की आठवडाभर आधीपासून घराचा नूर बदलतो. पोरीचं जेवणात लक्ष नसतं, तिची आई रात्री दोन वाजता मोबाइलवर काहीबाही वाचत बसते आणि आजोबा म्हणतात, एवढंसं ते जनावर, त्याचं काय एवढं!

आजोबांचं चुकतं ते इथंच. ते एवढंसं आहे म्हणूनच त्याची काळजी जास्त.

ब्रिटनमध्ये जून २००२ ते जून २००४ या दोन वर्षांत ११७ पशुवैद्यकीय दवाखान्यांनी भूल दिलेल्या प्राण्यांची नोंद ठेवली. भूल दिल्यापासून पुढच्या ४८ तासांत किती प्राणी दगावले, हे त्यातून मोजलं गेलं. कुत्र्यांमध्ये हे प्रमाण ०.१७ टक्के निघालं, मांजरांमध्ये ०.२४ आणि सशांमध्ये १.३९. म्हणजे साधारण ७२ सशांमागे एक. या यादीत आजारी, जखमी, दात बिघडलेले असे सगळेच ससे होते. फक्त धडधाकट ससे वेगळे काढले तर आकडा ०.७३ टक्क्यांवर उतरतो, १३७ मागे एक. नसबंदीला नेलेला तरुण ससा याच गटात बसतो. पाहणी जुनी आहे आणि परदेशातली आहे, त्यामुळे ती इथल्या दवाखान्यांना जशीच्या तशी लागू करता येत नाही. पण सशाची भूल कुत्र्याच्या भुलेपेक्षा जोखमीची असते, याबद्दल तिनं शंका ठेवली नाही.

याच पाहणीतला दुसरा एक आकडा मात्र क्वचित कुणी सांगतं, आणि घरच्यांच्या खऱ्या उपयोगाचा तोच आहे. दगावलेल्या सशांपैकी ६४ टक्के ऑपरेशन आटोपल्यानंतर गेले, त्यातले बरेचसे पहिल्या तीन तासांत. लोक धास्ती घेतात ती टेबलाची, दिव्याखालच्या सुरीची. धोका जास्त असतो तो त्यानंतर, जेव्हा डॉक्टर हात धुऊन पुढच्या पेशंटकडे वळलेले असतात आणि ससा टोपलीत थंड पडत चाललेला असतो. सशाच्या ऑपरेशनबद्दल वाटणारी काळजी खोटी नाही, फक्त ती चुकीच्या तासावर खिळलेली असते. ती योग्य तासावर नेली तर तिचा सशालाही उपयोग होतो आणि माणसालाही.

आधी प्रश्न असा की हे करायचंच कशाला? दुकानातून दोन पिल्लं आणली जातात, दोन्ही माद्या म्हणून. लहान पिल्लांमध्ये नर-मादी ओळखण्यात दुकानदार सर्रास चुकतात. चार-पाच महिन्यांत उलगडा होतो आणि ३१ दिवसांच्या गर्भकाळानंतर पिंजऱ्यात पाच-सहा गुलाबी जीव वळवळताना दिसतात. मादी त्याच दिवशी पुन्हा गाभण राहू शकते. तिला माजावर यायची वाट बघावी लागत नाही, कारण नराशी संयोग झाल्यावरच तिचं बीज सुटतं. वर्षभरात फ्लॅटच्या बाल्कनीत ससेपालन सुरू होतं आणि मग ही पिल्लं कुणाच्या तरी शेतात सोडून दिली जातात. माणदेशातल्या माळावरचा ससा रानचा, जातच वेगळी. पाळीव ससा मूळचा युरोपातला, आणि दुकानातला लाल डोळ्यांचा पांढरा ससा तर उघड्यावर कुत्र्यापुढं तासभरही टिकत नाही.

मादीच्या बाबतीत आणखी एक कारण आहे आणि ते जास्त वजनदार आहे. वय वाढेल तसा तिच्या गर्भाशयाला कर्करोग होण्याचा धोका वाढतो. अमेरिकेतल्या रॉकफेलर संस्थेत हॅरी ग्रीन यांनी १९३०च्या दशकातच सशांमधल्या या गाठींवर काम सुरू केलं होतं. १९७२मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन-तीन वर्षांच्या माद्यांमध्ये हे प्रमाण चार टक्क्यांच्या आसपास, तर पाच-सहा वर्षांच्या माद्यांमध्ये ८० टक्क्यांच्या घरात सापडलं. हा ८०चा आकडा जगभर फिरतो आणि घाबरवायला फार सोयीचा पडतो. पण तो प्रयोगशाळेत ठरावीक वंशांत वाढवलेल्या सशांचा आहे. प्रत्येक घरच्या मादीला तो लावू नये, असं अलीकडच्या पशुवैद्यांनी बजावलं आहे. आकडा कमी धरला तरी मुद्दा राहतोच. आठ-दहा वर्षं जगू शकणाऱ्या मादीसाठी पाच-सहा महिन्यांच्या वयात, धडधाकट असताना झालेलं ऑपरेशन हे म्हातारपणी गाठीसह कराव्या लागणाऱ्या ऑपरेशनपेक्षा कैक पटींनी सोपं. एकट्या राहणाऱ्या नराचं तसं नाही. तो घरभर मुतत नसेल, चावत नसेल, मादी जवळ नसेल, तर त्याला टेबलावर चढवायची घाई नाही. जवळपास सशाचा हात बसलेला डॉक्टर नसेल तर थांबणं हाही शहाणपणाचाच निर्णय, आणि तसं सांगणाऱ्या डॉक्टरला नावं ठेवू नयेत.

घरातली कुरबुर आरोग्यापुरती नसते. मुक्या जिवाला निसर्गानं दिलेलं आपण का काढून घ्यायचं, हा प्रश्न सांगली-मिरजेच्या जैन घरांत विशेष पोटतिडकीनं विचारला जातो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याच घरात दुसऱ्या बाजूचा प्रश्नही ठेवावा लागतो: जन्माला घातलेल्या आणि नंतर माळावर सोडलेल्या पिल्लांचं काय? याचं उत्तर ज्यानं त्यानं काढायचं. दोन ससे वेगवेगळ्या पिंजऱ्यांत जन्मभर ठेवणं हाही एक मार्ग आहे, जरा कष्टाचा.

आता दवाखाना. या पट्ट्यातली पशुवैद्यकी उभी राहिली ती म्हशी, गायी, शेळ्यामेंढ्यांवर. भिलवडीच्या चितळ्यांच्या दुधापासून आटपाडीच्या खिलारापर्यंत आणि जतच्या माडग्याळ मेंढीपर्यंत इथली दौलत चार पायांवरच चालते. कुत्र्यामांजरांचे दवाखाने गेल्या काही वर्षांत वाढले. ससा मात्र या सगळ्यांत पाहुणाच. अभ्यासक्रमात तो असतो, प्रयोगशाळेत असतो, पण ओपीडीत महिन्याकाठी किती येणार?

सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. १९८८मध्ये सुरू झालेलं हे कॉलेज आता नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली येतं. नाना पाटलांचं येडेमच्छिंद्र आज सांगली जिल्ह्यात, त्यांच्या प्रतिसरकारच्या काळात मात्र ते सातारा जिल्ह्यातच होतं, त्यामुळे नावानं तरी हे कॉलेज दोन्ही जिल्ह्यांचं आहे. साताऱ्याहून शिरवळ खंबाटकी ओलांडून साठेक किलोमीटर. सांगलीकरांना त्यापेक्षा कोल्हापूर जवळ, पन्नासेक किलोमीटर. कुठंही जायचं तरी आधी फोन करून विचारावं, कारण कॉलेज असो, जिल्ह्याचं सर्वचिकित्सालय असो की खाजगी दवाखाना, सशाची नसबंदी करतात की नाही ते डॉक्टरागणिक बदलतं.

फोनवर काय विचारायचं, यातच निम्मी काळजी मिटते किंवा निम्मा निर्णय होतो. गेल्या वर्षभरात किती सशांना भूल दिली? आधी वजन करून डोस काढता का? भूल इंजेक्शनची की गॅसची? शुद्धीवर येईपर्यंत जवळ कोण थांबतं, ऊब कशानं देता? दुखणं थांबवायला काय देता, किती दिवस? नराच्या बाबतीत एक प्रश्न जास्तीचा: आतली वाट शिवून बंद करता ना? सशाच्या नराचा जांघेतला मार्ग जन्मभर उघडा असतो, वृषण त्यातून वर-खाली सरकतात. ती वाट तशीच सोडली तर आतडं खाली उतरू शकतं. हे प्रश्न ऐकून चिडणारा डॉक्टर आणि शांतपणे ‘वर्षात दोन केले’ असं खरं सांगणारा डॉक्टर, यांत दुसरा बरा.

आणि शेवटचा प्रश्न: उपाशी आणायचं का? इथं कान टवकारायचे. कुत्र्यामांजराला आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवतात, कारण भुलेत उलटी होऊन ती श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. सशाला उलटी होतच नाही, जठराच्या तोंडाशी त्याची बांधणीच तशी आहे. उलट त्याचं पोट रिकामं ठेवलं तर आतड्यांची चाल मंदावते, आणि ती थांबली की ससा हातचा जातो. सवयीनं कंपाउंडर फोनवर ‘उद्या सकाळी उपाशीपोटी आणा’ सांगून मोकळा होतो, घरचेही इमानेइतबारे रात्रीच पिंजऱ्यातलं गवत काढून घेतात. असं सांगण्यात आलं तर नम्रपणे, पण डॉक्टरांशीच बोलून घ्यावं. सशानं दवाखान्यात जाईपर्यंत गवत खात राहावं, आणि सोबत पिशवीत त्याची आवडती हरळी, लसूणघास, कोथिंबीर न्यावी, म्हणजे डोळे उघडल्यावर ओळखीचं काहीतरी नाकाशी येतं.

भुलेचा धोका सशाच्या घडणीतच आहे. छाती लहान, फुप्फुसं लहान, पोट भलंमोठं. तो श्वास नाकानंच घेतो, घसा अरुंद असल्यानं नळी घालणं हातखंडा असलेल्यालाही जड जातं. गॅसचा वास आला की काही ससे श्वासच धरून ठेवतात. कुत्र्यांना सर्रास दिलं जाणारं ॲट्रोपिन बऱ्याच सशांवर चालत नाही, त्यांच्या रक्तातलं एक विकर ते झटपट मोडून टाकतं. आणि सगळ्यांत अवघड म्हणजे हा शिकार होणारा प्राणी. दुखतंय हे तो दाखवत नाही, भीतीनं मात्र अर्धमेला होतो. म्हणून दवाखान्यात तो भुंकणाऱ्या कुत्र्याशेजारच्या बाकावर ठेवू नये, पेटीवर कापड टाकून बाहेर गाडीत किंवा झाडाखाली थांबावं.

तारीख निवडणंही घरच्यांच्या हातात असतं. सांगली-मिरजेत एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, आणि सशाला तिशीच्या वरची हवा जाचते. दुपारच्या एसटीतून पेटी मांडीवर घेऊन केलेला प्रवास ऑपरेशनपेक्षा घातक ठरू शकतो. जुलै-ऑगस्टात आयर्विन पुलाखाली कृष्णा चढायला लागली की फेरतपासणीचा भरवसा उरत नाही. २०१९च्या पुरात तर कोल्हापूरजवळ महामार्गच कित्येक दिवस बंद पडला होता. दिवाळी ते शिवरात्र हा काळ त्यातल्या त्यात बरा. सकाळची वेळ मागावी, म्हणजे संध्याकाळी दवाखाना बंद व्हायच्या आत ससा खायला लागला की नाही ते कळतं.

राहिली माणसांची गोष्ट. न्यूयॉर्कच्या अल्बर्ट एलिस यांनी १९५५पासून मांडलेली विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती मराठीत कि. मो. फडके यांनी रुजवली. तिचं म्हणणं असं, की वाईट काही होऊ नये असं वाटणं निरोगी आहे; ते होताच कामा नये, झालं तर मला सोसणारच नाही, असा हट्ट धरला की माणूस खचतो. सशाच्या घरात हा हट्ट फार लवकर शिरतो, कारण इथं निर्णय आपला असतो. आजारी जनावराला दवाखान्यात नेताना कुणाला अपराधी वाटत नाही. टुणटुणीत, उड्या मारणारं जनावर आपण होऊन सुरीखाली द्यायचं, म्हणजे काही बरंवाईट झालं तर बोट आपल्याकडेच. इथं वर सांगितलेली आकडेमोड कामी येते: न करण्यालाही धोका आहे, फक्त तो पाच वर्षांनी येतो आणि त्याची तारीख कुणी देत नाही.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोव्हेक आणि सहकाऱ्यांनी १९८३मध्ये एक साधा उपाय तपासला होता. काळजी करायला रोज एक ठरावीक जागा आणि अर्धा तास राखून ठेवायचा, बाकी वेळी ती डोक्यात आली की ‘संध्याकाळी बघू’ म्हणून पुढं ढकलायची. ज्यांनी हे केलं त्यांची दिवसभराची काळजी कमी झाली. ऑपरेशनच्या आधीच्या आठवड्यात हे करून पाहण्यासारखं आहे, त्यातही तो अर्धा तास वहीपेन घेऊन बसलं तर डॉक्टरांना विचारायचे प्रश्न आपोआप तयार होतात. रात्री दोनला मोबाइलवर दगावलेल्या सशांच्या कहाण्या वाचण्यानं मात्र कुणाचं भलं झालेलं नाही. ज्यांचे ससे व्यवस्थित घरी आले ते सहसा लिहीत नाहीत.

मुलांशी खोटं बोलू नये. ‘डॉक्टरकाका फक्त तपासणार आहेत’ असं सांगून टाके घातलेला ससा घरी आणला, तर पुढच्या वेळी मुलाचा स्वतःच्या इंजेक्शनच्या वेळीही विश्वास राहत नाही. त्याला सांगता येतं, की झोपेचं औषध देतील, तेव्हा दुखणार नाही, बहुतेक ससे बरे होतात, सगळे होतात असं नाही. आणि त्याला काम द्यावं.

काम भरपूर असतं, कारण खरी पाळी आता सुरू होते. घरी आल्यावर पिंजऱ्यातला भुसा काढून जुनं सुती कापड किंवा कोरा कागद अंथरायचा, म्हणजे जखमेला काही चिकटत नाही आणि लेंड्या मोजता येतात. हसू येईल, पण पहिल्या २४ तासांत घराचं सगळं लक्ष त्या हरभऱ्याएवढ्या गोळ्यांवर असायला हवं. पहिल्या काही लहान आणि वाकड्या पडतात, ते चालतं. पडतच नसतील आणि ससा बारा तासांत काहीच खात नसेल, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना उठवायचं. त्यांनी सांगितलं तर सशाच्या गोळीखाद्याची कोमट पाण्यात पातळ पेज करून बिनसुईच्या सिरिंजनं, जबड्याच्या बाजूनं, थेंबाथेंबानं भरवायची. उताणं धरून कधीच नाही.

दुखतंय का, ते चेहऱ्यावर वाचता येतं. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२मध्ये सशाच्या चेहऱ्याची मोजपट्टीच तयार केली. डोळे मिटत आलेले, गाल आत ओढलेले, नाकपुड्यांचा आकार बदललेला, मिशा ताठ, कान मागं आवळलेले. त्यात दातावर दात घासल्याचा कर्रकर्र आवाज आला आणि ससा कोपऱ्यात पोक काढून बसला, तर दुखण्याचं औषध पुरत नाहीये. अशा वेळी घरातलं पोराचं तापाचं सिरप अंदाजानं देणं, किंवा मेडिकलवाल्याकडून अँटिबायोटिक आणणं, हे थेट धोक्याचं. माणसांना सहज दिलं जाणारं ॲमॉक्सिसिलिन तोंडावाटे गेलं तर सशाच्या आतड्यातले उपकारक जंतू मरतात आणि मागोमाग ससाही. कुत्र्याच्या गोचिडांवर वापरला जाणारा फिप्रोनिलचा फवाराही सशाला घातक.

कुत्र्याला लावतात तसा गळ्याभोवतीचा प्लास्टिकचा भोंगा सशाला शक्यतो नको. आतड्यातून एकदा बाहेर पडलेल्या मऊ गोळ्या ससा वाकून पुन्हा खातो, ते त्याच्या पचनाचाच भाग आहे, आणि भोंगा तेच अडवतो. टाके आतून घातले असतील तर बहुतेकदा काही लागत नाही. चाटणं थांबत नसेल तर तान्ह्या बाळाचं जुनं झबलं चालतं, पुढचे पाय बाह्यांतून काढून, खाली शेपटीपाशी सैल.

ससा गेला तर? शंभर-दीडशेत एखाद्या घरावर ही वेळ येते, आणि ‘सशासाठी एवढं काय रडायचं’ हे वाक्य तिथं सगळ्यांत जास्त बोचतं. प्राण्यापायी माणूस खरंच खचतो. अमेरिकेत मेरी बेथ स्पिट्झनेगल यांनी २०१७मध्ये दीर्घ आजारी प्राण्यांच्या मालकांची पाहणी केली, तेव्हा त्यांच्यात ताण, उदासी आणि चिंतेची लक्षणं निरोगी प्राणी पाळणाऱ्यांपेक्षा जास्त दिसली. प्राण्याची शुश्रूषा हाही माणसाला झिजवणारा भार आहे, हे त्यातून कागदावर आलं. झोप, जेवण आठवड्यामागून आठवडे बिघडलेलं राहिलं, तर केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते. तिथं सशाचं नाव काढायला लाजायचं कारण नाही.

बहुतेक घरांत मात्र तिसऱ्या-चौथ्या दिवशी ससा पुन्हा वायरी कुरतडायला लागतो आणि घर सैल पडतं. तिथं एक चूक हमखास होते. जोडीतल्या नराचं ऑपरेशन झालं असेल, तर तो लगेच निर्धोक झाला असं धरून दोघांना एकत्र सोडलं जातं. नराच्या नळ्यांत बीज शिल्लक असतं, ते चार ते सहा आठवडे टिकतं. मादीचं ऑपरेशन अजून व्हायचं असेल तर तेवढे दिवस दोन पिंजरे समोरासमोर, जाळीला जाळी लावून ठेवायचे. एकमेकांचा वास राहतो, म्हणजे पुन्हा एकत्र आल्यावर मारामारी कमी होते.